आज संध्याकाळपर्यंत कळवा

मला लग्नाच्या वयात जेवढी स्थळं सांगून आली नव्हती, तेवढी पन्नाशी उलटल्यावर आली. फरक इतकाच, की ही नोकरीची होती. थायलंडचं, व्हिएतनामचं, ओमानचं, एक तर चक्क मंगोलियाचं. आणि ती आणणारी मंडळी इतकी चिवट, की आमच्या लग्नं जमवणाऱ्या आत्याबाई त्यांच्यापुढे अगदीच भिडस्त ठराव्यात.

ग्वाल्हेरच्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी यंदा मला परदेशातल्या शिकवण्याबद्दल लिहायला सांगितलंय. संपादकबाईंना देवळं, हत्ती आणि नारळाच्या दुधातल्या आमट्या अपेक्षित असणार. ते सगळं मी बघितलं, खाल्लं आणि त्याचे फोटो अर्ध्या शहराला दाखवून झालेत. तेव्हा तिकडे पोचण्याआधी काय होतं ते लिहिते. खरी मजा तिथेच आहे, आणि खरी धास्तीही.

मी लष्कर भागातल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. मुलीचं लग्न झालं, हे ऑडिटच्या ऑफिसातून निवृत्त झाले, आणि आम्ही दोघं घरात बसून एकमेकांच्या चुका काढायला लागलो. मग माझ्या मनात आलं, स्वेच्छानिवृत्ती घ्यावी आणि थोडे दिवस बाहेरदेशी शिकवून यावं. आपलं इंग्रजी आणि आपलं शिकवणं ग्वाल्हेरच्या बाहेर चालतं का, बघावं तरी! यांना सांगितलं तर हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, “जा की. मला कुकर लावता येतो.” झालं. मी इंटरनेटवर माझी माहिती टाकली आणि त्याच दुपारपासून फोन सुरू झाले.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बाहेरच्या कितीतरी देशांत शाळांना इंग्रजी शिकवणारी माणसं हवी असतात. तिथल्या लहान गावातल्या मुख्याध्यापिकेला ग्वाल्हेरची मी कशी सापडणार? म्हणून मध्ये एक माणूस असतो. त्याला रिक्रूटर म्हणतात. शाळा त्याला माणशी मोबदला देते, आणि तो कधी मिळतो? तर शिक्षक तिथे जाऊन वर्गात उभा राहिला की. म्हणजे तुम्ही त्या शाळेला शोभता का, ती शाळा तुम्हाला मानवेल का, हा त्याचा प्रश्नच नसतो. तुम्ही विमानात बसलात की त्याचं काम फत्ते. यातही सज्जन माणसं आहेत, नाही असं नाही. मला पुढे भेटलीही. पण पुष्कळांना तुम्ही हवे असता ते आजच्या आज, कारण उद्या तुम्ही विचार करायला लागाल.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं, ‘आज संध्याकाळपर्यंत कळवा.’ सकाळी फोन करणारा हेच म्हणतो आणि संध्याकाळी करणाराही हेच. एकदा मी दाल बाजारात वाण्याच्या दुकानात उभी होते. दोन्ही हातांत पिशव्या, म्हणून फोन स्पीकरवर टाकलेला. पलीकडचा पोरगा घसा फोडून सांगत होता, “मैम, बस दो सीट बची हैं, आज शाम तक कन्फर्म कर दीजिए, कल तक कुछ नहीं बचेगा!” वाणी तूरडाळ तोलायची थांबला आणि मला म्हणाला, “मैडम, ये सेल किस चीज़ की लगी है?” मी म्हटलं, “मेरी.” दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसायला लागली आणि त्या पोरानं फोन ठेवून दिला.

एका बाईंचा फोन आला. इंग्रजी नाकातून, आवाज तुपात घोळलेला. त्या म्हणाल्या, तुमचं नाव फार अवघड आहे, ज्योत्स्ना म्हणताना तिथल्या पोरांची जीभ वळणार नाही, आपण ‘जूली’ करू या का? मी म्हटलं, “बाई, माझ्या सासूबाईंनी लग्नात माझं नाव बदलायचं काढलं होतं, तेव्हा मी त्यांचं ऐकलं नाही. तुमचं काय ऐकते!” तशी त्यांचं नाकातलं इंग्रजी गळून पडलं. “नहीं नहीं मैम, बुरा मत मानिए, हम तो सबका करते हैं.” बाई आमच्याच बाजूच्या निघाल्या, झाशीच्या असाव्यात.

आणखी एकाला माझा फोटो ‘जरा ब्राइट’ हवा होता. पाठवला तो चालेना. दुसरा पाठवला, तोही चालेना. शेवटी स्वच्छ म्हणाला, “मैम, थोड़ा फेयर चाहिए, मोबाइल में ऑप्शन होता है.” माझं टाळकंच सरकलं. आमच्याकडे नुकतीच रंगसफेदी झाली होती. मी आमच्या गच्चीच्या भिंतीचा फोटो काढून त्याला पाठवला आणि खाली लिहिलं, याहून उजळ आमच्या घरात काही नाही. त्याचं उत्तर अजून यायचंय.

तर अशा चाळण्यांतून गळून-निथळून मी थायलंडला गेले आणि तीन वर्षं राहून आले. तिथे जायला आपल्यासारख्यांना आधी आपल्याला इंग्रजी येतं हे सिद्ध करणारी परीक्षा द्यावी लागते. गोरा असता तर द्यावी लागली नसती. मी आयुष्यभर परीक्षा घेतल्या आणि चष्मा लावून पोरासोरांत बसून परीक्षा दिली. उत्तम मार्क मिळाले, हे इथे मुद्दाम सांगून ठेवते.

परत आल्यावर हरिशंकरपुरममधल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा नवा उद्योग सुरू झाला. बाहेर शिकवायला जाऊ पाहणाऱ्या मुली यायला लागल्या. मी त्यांची तयारी करून घेते. यात मोठं प्रकरण म्हणजे ‘डेमो’. कॅमेऱ्यासमोर उभं राहून, समोर एकही पोर नसताना, पोरांना शिकवतोय असं दाखवायचं. हसायचं, गायचं, हातात प्लॅस्टिकचं केळं धरून नाचायचं. समोर कुणीतरी असल्याशिवाय आमच्या मुलींना कंठ फुटत नाही, म्हणून सहा वर्षांचा विद्यार्थी म्हणून हे बसतात. जन्मभर लोकांचे हिशेब तपासलेला माणूस मांडी घालून ‘यलो बनाना’ म्हणतो आणि चुकल्यावर खरोखर ओशाळतो.

त्या मुलींमध्ये प्राजक्ता निकम होती. शिंदे की छावनीत तिचं घर. पिढ्यान् पिढ्या फौजेत असलेलं मराठा घराणं, वडील सुभेदार होऊन निवृत्त झालेले. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन ती इंदूरला. प्राजक्ता एका खासगी शाळेत लहान मुलींना शिकवायची, नोकरी कायम झालेली. मुलगी हुशार, आवाज खणखणीत, पण मोठ्यांसमोर ‘जी’च्या पुढे गाडी जात नाही. पहिल्याच दिवशी मी विचारलं, तुला का जायचंय? तर खाली मान घालून म्हणाली, “मॅडम, आजपर्यंत माझं सगळं घरवालोंनीच ठरवलं. कॉलेज, सब्जेक्ट, नोकरी. ये एक चीज़ मला माझी स्वतःची करायचीय.” मला ती तिथेच आवडून गेली.

एका सोमवारी दुपारी ती पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभी राहिली. चेहरा मात्र पेढे वाटणाऱ्याचा नव्हता.

“मॅडम, माझं ठरलं.”

“अगंबाई! लग्न?”

“नाही मॅडम. थायलंड.”

तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि एकेक विचारत गेले. तिच्या मामीच्या माहेरचा एक मुलगा आहे, तुषार. दिल्लीकडच्या कुठल्याशा रिक्रूटरच्या ऑफिसात कामाला. तो कालच्या रविवारी त्यांच्याकडे आला. आता आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी लोकांचं एक आहे. मोठ्या हिंदी शहरात आम्ही मूठभर. कुणी मराठी भेटला की पहिला प्रश्न ‘तुम्ही कुठले, कुणाचे?’ आणि दोन पावलांत नातं लागलं की संपलं. मग तो आपला. आपल्या माणसाला कुणी कागद मागतं का? तुषारचे आजोबा आणि प्राजक्ताचे आजोबा एकाच पलटणीत होते असं निघालं. निकमवहिनींनी शिरा-पुरी केली. तुषारनं सांगितलं, पक्की जागा आहे, पुढच्या आठवड्यात निघायचं, पण आज संध्याकाळपर्यंत कळवा. सुभेदारसाहेबांनी तिथल्या तिथे होकार दिला. आणि नुसता दिला नाही. देवापुढचं ताट आणवलं, त्यात मुलीचा पासपोर्ट आणि डिग्रीचे मूळ कागद ठेवले, वर नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि ते ताट तुषारच्या हातात दिलं.

“नारळ दिला?” मी ओरडलेच.

“हो नं. और पाँव भी छुए त्यानं.”

“अगं, पण शाळा कुठली? गाव कुठलं?”

“ते म्हणाले तिथे गेल्यावर कळेल.”

“आणि व्हिसा?”

“टूरिस्ट. तुषारभैया म्हणाले, वहाँ जाकर कन्व्हर्ट हो जाता है.”

पाहुण्यांच्या व्हिसावर जाऊन शिकवणं तिथे गुन्हा आहे. तपासणी आली की पकडतात ते शिक्षकाला. पाठवणारा इकडे दुसऱ्या पोरीला फोन करत असतो. मी तिथे असताना अशी एक मुलगी बघितली होती. शाळेच्या मागच्या दारानं बाहेर पडायची, रस्त्यात गणवेशातला माणूस दिसला की दुकानात शिरायची. पासपोर्टही एजंटाकडे अडकलेला, त्यामुळे घरी परतायचीही सोय नाही. आणि आमच्या प्राजक्ताला तर उद्या सकाळी शाळेत राजीनामा द्यायला सांगितला होता.

मी हे सगळं तिला सांगितलं तेव्हा ती रडायला लागली. “मॅडम, मला जायचंय. खूप जायचंय. पण अशी नाही. मुझे डर लग रहा है. आणि बाबांना मी कसं सांगू? त्यांनी ज़बान दी है.”

“राजीनामा द्यायचा नाही,” मी म्हटलं. “उद्या ताप आलाय असं सांग. तुझ्या बाबांकडे आम्ही येतो.”

संध्याकाळी आम्ही दोघं शिंदे की छावनीत गेलो. सुभेदार निकम म्हणजे उंचपुरा माणूस, मिशा कडक, वागणं अतिशय अदबीचं. आम्हाला हाताला धरून बसवलं. कचोऱ्या आल्या, चहा आला. मी लगेच विषयाला हात घातला. व्हिसा समजावला, कामाचा परवाना समजावला, पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात द्यायचा नसतो हे समजावलं. ते मान हलवत ऐकत होते, जसं कवायतीच्या वेळी साहेबाचं भाषण ऐकावं. मी दमून थांबले तेव्हा म्हणाले, “ताई, तुमचं म्हणणं खरं असेल. पण निकमांनी दिलेला नारळ परत मागितला, असं आमच्यात झालेलं नाही. पोरगा आपला आहे. शब्द दिलाय.”

“अहो, शब्द तुम्ही दिलात, जाणार ती!” माझा आवाज चढला.

“म्हणून तर आपल्या माणसाच्या हाती देतोय.”

मला इतका संताप आला होता की डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. समोर भल्या मनाचा बाप, पोरीवर जीव टाकणारा, आणि हसत हसत तिला खड्ड्यात ढकलतोय. प्राजक्ता स्वयंपाकघराच्या दाराशी आईच्या मागे उभी होती. तिच्याकडे बघवेना.

यांनी दुसरी कचोरी संपवली, हात पुसले आणि सहज चौकशी करावी तसं विचारलं, “सुभेदारसाहेब, थोरलीला इंदूरला दिलीत. घर बघायला कोण कोण गेलं होतं?”

निकम खुलले. “मी, ही, माझे दोघे भाऊ आणि पोरींचे मामा. काय सांगू साहेब, गच्चीपासून मोरीपर्यंत सगळं बघितलं. नळाला पाणी किती वेळ येतं तेही विचारलं.”

“सासूबाईंशी बोललात?”

“बोललो तर! शेजारच्यांशीही बोललो. त्यांच्या थोरल्या सुनेला हिनं आत जाऊन विचारलं, सुखात आहेस ना म्हणून.”

“आणि नारळ कधी दिलात?”

“घर बघून आल्यावर. आधी कसा देणार?”

यांनी तिसरी कचोरी उचलली. निकमांच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग पोरीकडे, मग पुन्हा आमच्याकडे.

“घर न बघता नारळ गेला की हो,” ते म्हणाले.

“मी कालपासून तेच म्हणतेय!” निकमवहिनी दारातून कडाडल्या. “मुलगी पाठवताय की पार्सल? पण ऐकतंय कोण!”

जी गोष्ट मी तासभर व्हिसाच्या भाषेत सांगत होते ती यांनी तीन कचोऱ्यांत सांगितली. घरी परतल्यावर मी तसं कबूलही केलं. तेव्हापासून हे ज्या तोऱ्यात वागताहेत त्याबद्दल दुसऱ्या अंकात लिहावं लागेल इतकं आहे.

निकमांनी आमच्या देखतच तुषारला फोन लावला. फौजी आवाज, त्यामुळे स्पीकरची गरज नव्हती, पण तो लावला.

“तुषारराव, मुलीकडच्यांना घर बघायचंय.”

“कुठलं घर काका?”

“शाळा. हेडमास्तरीणबाईंशी बोलायचंय. आणि आपल्याकडची जी मुलगी आधी तिथे गेली असेल तिच्याशी.”

“काका, ऐसे नहीं होता. ही इंटरनॅशनल प्रोसेस असते. सीट चली जाएगी. आज शाम तक...”

“जाऊ दे. आमच्यात घर बघितल्याशिवाय मुलगी देत नाहीत. घर दाखवा, नाहीतर नारळ परत करा.”

तुषार म्हणाला, कागद तर दिल्लीच्या ऑफिसात गेले, आता ते निघणं कठीण आहे. पासपोर्ट नाही, डिग्री नाही, आणि हा म्हणतो कठीण आहे! मला तर पोलिसात जावं असंच वाटत होतं. पण निकमवहिनी पदर खोचून पुढे आल्या. “तुम्ही सगळे थांबा. पोलिस नंतर. आधी मी वहिनीला फोन करते.”

वहिनी म्हणजे प्राजक्ताची मामी. मामीनं आपल्या माहेरी फोन केला. माहेरच्यांनी तुषारच्या आईला केला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ग्वाल्हेरातल्या प्रत्येक मराठी घरात कळलं होतं, की तुषारनं घर न दाखवता निकमांच्या मुलीचा नारळ नेला. आणि त्या पोराच्या स्वतःच्या लग्नाची बोलणी तेव्हा चालू होती! तिकडच्या मंडळींनी विचारलं, हे काय ऐकतोय आम्ही? ज्या नात्यानं आम्ही फसलो होतो तेच नातं आता त्याच्या मानगुटीवर बसलं. दिल्लीच्या ऑफिसातून जे निघणं कठीण होतं ते त्याच आठवड्यात निघालं.

तुषार आईला घेऊन आला. कागद, पासपोर्ट, सगळं जागच्या जागी. तपासून घ्यायला आम्हा दोघांना बोलावलं होतं. नारळ मात्र परत देता येईना, कारण त्याच्या आईनं तो फोडून वड्या केल्या होत्या. त्यांनी त्या वड्याच डब्यात घालून आणल्या. वड्या सुरेख झाल्या होत्या, आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या.

तुषारला मी गच्चीवर नेऊन चांगला फैलावर घेणार होते. पण जवळून बघितलं तर पोरगा अगदी कोवळा निघाला, डोळ्यांखाली काळं, हातातला फोन सारखा वाजतोय. म्हणाला, “मॅडम, वरून रोज प्रेशर असतं. इतक्या मुली द्या, नाहीतर घरी बसा. आणि खरं सांगू? शाळेचं नाव मला पण माहीत नव्हतं.” मी रागावले, पण जेवढं ठरवलं होतं तेवढं नाही. त्याला म्हटलं, दुसरं काम बघ. त्यानं बघितलंही. हल्ली भोपाळला बँकेत आहे आणि पुष्कळ टवटवीत दिसतो.

त्यानंतर प्राजक्तासाठी आम्ही स्वतः शाळा शोधायला लागलो. माझ्या तिथल्या ओळखी होत्या, त्यांना विचारलं. सरळ शाळांनाच लिहिलं. नकार खूप आले. काहींनी उत्तरच दिलं नाही. ती प्रत्येक नकारानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा केळं घेऊन उभी राहायची. मध्येच एजंटांचे फोन यायचे, ते आता सुभेदारसाहेब घ्यायचे. “घर दाखवा,” एवढंच म्हणायचे. पलीकडच्याला कळायचं नाही, की हा कुठल्या घराबद्दल बोलतोय. दोनतीनदा विचारून तो आपणहून फोन ठेवायचा.

शेवटी एका लहान गावातल्या शाळेचं उत्तर आलं. मुख्याध्यापिका स्वतः व्हिडिओवर बोलणार होत्या. आमच्या पुढच्या खोलीत सगळा थाट झाला. निकमसाहेब इस्त्रीचा कोट घालून आले आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा कोपऱ्यात खुर्ची टाकून ताठ बसले. वहिनी, हे आणि मी पलंगावर. प्राजक्तानं शिकवून दाखवलं, आणि काय सांगू, असं शिकवलं की मलाच वर्गात बसावंसं वाटलं. मग तिनं आपण होऊन विचारलं, मला शाळा बघायला मिळेल का? साठीच्या त्या बाई हसल्या आणि फोन हातात घेऊन निघाल्या. वर्ग दाखवले, अंगण दाखवलं, शिक्षिकांची राहायची खोली दाखवली. वाटेत फिलिपिन्सची एक शिक्षिका भेटली, तिनं हात हलवला, दोन वर्षं झाली, मी मजेत आहे म्हणाली. निकमसाहेब कोपऱ्यातून माझ्याकडे झुकून कुजबुजले, “मोरी दाखवा म्हणावं.” मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. खुर्चीत येऊन बसल्यावर बाईंनी कामाच्या व्हिसाचं आणि परवान्याचं सगळं सांगितलं, व्हिसा हातात पडल्याशिवाय निघू नकोस असंही बजावलं. मला इतकं हलकं वाटलं!

मग त्यांनी विचारलं, तू कधी येऊ शकशील?

या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्या मुलींकडून घोटून घेतलेलं असतं. तुम्ही म्हणाल तेव्हा. लगेच. एवढ्या मुश्किलीनं हाताशी आलेली जागा, त्यात आढेवेढे कसले? मी पलंगावरून खुणा करत होते. प्राजक्तानं माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली. इंग्रजीत, सावकाश, पण स्वच्छ म्हणाली, “माझ्या शाळेतल्या मुलींची वार्षिक परीक्षा दोन महिन्यांवर आहे. मी त्यांना मध्येच सोडून येऊ शकत नाही. परीक्षा झाल्यावर मी येईन.”

मी कपाळाला हात लावला. यांनी डोळे मिटले. मला वाटलं, गेलं. पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं म्हणणं मांडलं आणि तेच नडलं.

बाई म्हणाल्या, “बरोबर आहे. परीक्षा होऊ दे. आम्ही तुझ्यासाठी थांबतो.”

प्राजक्तानं तोंडावर ओढणी धरली आणि हुंदके द्यायला लागली. तिकडे बाईंना वाटलं नेट गेलं, त्या ‘हॅलो, हॅलो’ करायला लागल्या. कोपऱ्यातून निकमसाहेब घाबऱ्याघाबऱ्या उठले. त्यांना इंग्रजी कळलं नव्हतं.

“काय झालं बेटा? नाही म्हणाल्या का?”

“नाही बाबा,” ती म्हणाली. “थांबतो म्हणाल्या. माझ्यासाठी.”

सुभेदारसाहेब तसेच पुढे आले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहून त्या बाईंना दोन्ही हात जोडले. तिकडची पद्धतही तीच आहे. बाईही खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी हात जोडले.